काशीतील नाईल

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांच्या पुढाकाराने तिच्या काठी, ब्रह्मा घाटावर, मराठी वस्ती रुजली. त्याच शतकाच्या अखेरीस या नगरीत दुसऱ्या एका उत्तरवाहिनीचा, नाईलचा, शोध पोथ्यांतून चालला होता. कंपनी सरकारच्या लष्करातील फ्रान्सिस विल्फर्डला पुराणांत इथिओपियातील नाईलचे वर्णन हवे होते. त्याच्या पदरच्या पंडिताने ते पुरविले आणि १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये प्रबंध छापला गेला. पोथ्यांतील मूळ शब्द खोडून नवे घातल्याचे पुढे उघडकीस आले. १८०५ मध्ये विल्फर्डने फसगत कबूल केली. तरीही १८६० मध्ये नाईलच्या उगमाकडे निघालेल्या स्पीकच्या हाती तोच नकाशा पडला, आणि १८६३ च्या प्रवासवृत्तात त्याने हिंदूंच्या भूगोलज्ञानाची वाखाणणी केली.

दोष पंडिताच्या माथी बसला. मागणी मात्र विद्वानाची होती.

प्रत्यक्षातील निळी नाईल ताना सरोवरातून निघते, इथिओपियाच्या पठारात खोल दरी कोरीत मोठा वळसा घेते आणि सुमारे १,४५० किलोमीटरांनंतर खार्टूमपाशी श्वेत नाईलला मिळते. पावसाळ्यात ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या गंगेखाली जातात, त्याच महिन्यांत तिलाही पूर येतो. दोन नद्यांचे एवढे नाते खरे होते. त्यासाठी पोथी खोडावी लागत नव्हती.