कोंबडीबाजार आणि साथीचें भाकीत

पिंपरी, चिंचवड आणि चाकण हीं नांवें उच्चारलीं म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मोटारींचे कारखाने उभे राहतात. परंतु ह्या कारखान्यांत राबणारीं माणसें रविवारीं कोंबडीच्या दुकानापुढें उभीं असतात, व त्या दुकानांतील पिंजऱ्यांत जिवंत पक्षी दाटीवाटीनें भरलेले असतात, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. शेडांवर रात्रीं भरलेल्या गाड्या पहांटे शहरांत येतात. एकाच गाडीचा माल अनेक दुकानांत उतरतो, आणि रिकामे झालेले पिंजरे पुन्हा निराळ्याच शेडावर जातात. एखाद्या शेडांत बर्ड फ्लू शिरला तर तो कोणत्या वाटेनें पसरेल हें आधीं सांगतां येईल काय? ह्या प्रश्नाचा इतिहास हाँगकाँगांत सुरू होतो अशी समजूत आहे. माझ्या मतें तो मुंबई-पुण्याच्या प्लेगापासून सुरू होतो.

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी. वखारी तेथें उंदीर, आणि उंदीर तेथें पिसवा. रोग व्यापाराच्या वाटेनेंच चालला होता, परंतु तें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. पिसवांचा संबंध पोल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें १८९८ मध्यें कराचीस दाखविला, आणि तो जगानें मान्य करावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. मधल्या काळांत फेब्रुवारी १८९७ मध्यें साथरोगांचा कायदा झाला, पुण्यास रँडसाहेब आले, आणि सोजिरांनीं घरें धुंडाळण्यास आरंभ केला. लोक आजारी माणूस लपवूं लागले. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. हें प्रकरण आपण राजकीय इतिहास म्हणून शिकतों, व तें योग्यच आहे. परंतु साथीच्या इतिहासांतहि त्याला स्थान दिलें पाहिजे. रोगाची वाट एकीकडे होती आणि सरकारचा तपास दुसरीकडे चालला होता. शिवाय जुलुमामुळें खरी बातमी सरकारपर्यंत पोहोंचेनाशी झाली.

पुढें ह्याच मुंबईच्या प्लेगावर गणिताची परीक्षा झाली. १९२७ मध्यें कर्मॅक व मॅकेंड्रिक ह्या दोघांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरींत असतांना कसौलीच्या पाश्चर संस्थेंत काम केलेले. कर्मॅक प्रयोगशाळेंतील स्फोटामुळें १९२४ मध्यें अंध झालेले. लागण होऊं शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले अथवा मेलेले, असे लोकांचे तीन वर्ग पाडून त्यांनीं साथीचें समीकरण मांडलें. साथ ओसरते ती माणसें संपलीं म्हणून नव्हे. लागण होण्याजोग्यांची दाटी एका मर्यादेखालीं गेली म्हणून, हा त्यांचा सिद्धांत. पडताळ्यासाठीं त्यांनीं मुंबई बेटावरील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ह्या काळांतील प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यु घेतले. समीकरणाप्रमाणें सतराव्या आठवड्यांत मृत्यूंचा आंकडा सुमारें नऊशेंवर पोहोंचतो, आणि प्रत्यक्षाची रेघ जवळजवळ तशीच चढते व उतरते. जगांतील साथीच्या बहुतेक भाकितांचें मूळ ह्या निबंधांत आहे. गंमत अशी, कीं ह्या समीकरणांत ना उंदीर आहे, ना पिसू, ना वखार! रेघ जुळली म्हणजे रोगाची वाट कळली असें होत नाहीं.

ती वाट दाखविली हाँगकाँगनें. १९९७ मध्यें तेथें एच५एन१ विषाणूनें अठरा माणसें आजारी पडलीं व सहा दगावलीं. शोध घेतां संशय जिवंत कोंबड्यांच्या बाजारावर आला, व वर्षअखेर शहरांतील सर्व कोंबड्या मारण्यांत आल्या. बाजारांत पक्षी एक-दोन दिवसच राहतो. मग रोग तेथें टिकतो कसा? विकला न गेलेला जुना पक्षी नव्या पक्ष्याला लागण देतो व ही सांखळी तुटत नाहीं. म्हणून २००१ पासून महिन्यांतून एक दिवस बाजार रिकामा करून धुण्याची पद्धति तेथें सुरू झाली, आणि २००८ पासून रात्रीं जिवंत पक्षी ठेवण्यासच बंदी आली.

आपल्याकडे हा रोग प्रथम आला तो नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें. आरंभीं कोंबड्या मेल्या त्या राणीखेत रोगानें, अशीच समजूत होती. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्णय जाहीर झाला, आणि गावाभोवतीं वर्तुळ आखून पक्षी मारण्यांत आले. मार्चांत रोग जळगांव जिल्ह्यांत दिसला. नकाशावरील वर्तुळ हें कागदावर सोपें असतें. पण नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रांत व अर्धा गुजराथेंत आहे, आणि व्यापार कोणत्याच वर्तुळाला ओळखत नाहीं. २००८ मध्यें बंगालच्या बीरभूमपासून साथ पसरली तेव्हां परसांतील कोंबड्या लोक लपवीत, अशा तक्रारी आल्या. चिंचवडच्या परिसरांत वाढलेल्या माणसास ह्यांत नवें कांहीं वाटूं नये.

माणसाचा धोका आपल्या देशांत अद्याप अल्प आहे, परंतु शून्य नाहीं. २०२१ मध्यें हरियाणांतील एक अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीस ह्या रोगानें मरण पावला. निदान पक्कें केलें तें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें. २०२५ मध्यें अशोका विद्यापीठांतील संशोधकांनीं तामिळनाडूंतील नामक्कलजवळचें एक गांव संगणकावर उभें करून पाहिलें. त्यांतील घरें, शाळा, शेडें व बाजार सर्व गणितांत घेतलीं. पहिले एक-दोन रोगी सांपडतांच त्यांचीं घरें अलग केलीं तर साथ आंवरते. संख्या दहाच्या आसपास गेली कीं ती हातची जाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे सारी मुदत थोड्या दिवसांची.

तेवढ्या दिवसांत चाकणच्या रस्त्यावर काय घडेल? मेलेल्या पक्ष्यांचे नमुने औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेंत जातील, तेथून पक्क्या निर्णयासाठीं भोपाळला. आणि गाड्या त्या मधल्या वेळांतहि चालूच राहतील. कोणत्या शेडावरून किती पक्षी कोणत्या दुकानीं उतरले हें व्यापाऱ्याच्या वहींत उधारीच्या हिशेबापायीं लिहिलेलें असतेंच. भाकीत करणाऱ्याला हवी असलेली माहिती नेमकी तीच. ती वही तो आपण होऊन दाखवील कीं नाहीं, हें मारलेल्या पक्ष्यांची भरपाई त्याला व शेतकऱ्याला किती लौकर मिळते, ह्यावर ठरेल.