फसवणूक, ठेवीदारांची (बीदर–लातूर–नांदेड सीमाभाग)

जादा व्याज, दामदुप्पट किंवा भूखंडाचे आमिष दाखवून लोकांकडून पैसे गोळा करणे आणि मुदत भरल्यावर ते परत न देणे. बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्याला महाराष्ट्रातील लातूर व नांदेड जिल्हे लागून आहेत. मराठी कुटुंबांची सोयरीक आणि बाजारहाट उदगीर-देगलूरकडे असल्याने पैसा एका राज्यात व ठेवीदार दुसऱ्या राज्यात अशी स्थिती येथे सहज उद्भवते.

पूर्वपीठिका : हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. भारतीय दंडसंहिता येथे 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्यात गेले, औराद म्हैसूर राज्यात गेले.

कायदा : जुन्या संहितेचे कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत 318(4) झाले आहे (अंमल 1 जुलै 2024 पासून, शिक्षा 7 वर्षांपर्यंत). विश्वासघातासाठी कलम 316 आहे. फसवणूक ठरण्यासाठी पैसे घेतानाच हेतू अप्रामाणिक होता हे सिद्ध करावे लागते. याच अटीवर बोट ठेवून ‘हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे’ असे सांगत तक्रारदाराला ठाण्यातून परत पाठवले जाते.

ही अडचण महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याने (एमपीआयडी) बरीच दूर केली. मुळातच न परवडणारी आश्वासने देऊन ठेवी घेतल्या आणि त्यामुळे परतफेड थकली, तर तेही कपट समजले जाते. शिक्षा 6 वर्षांपर्यंत आहे. पण ठेवीदाराच्या दृष्टीने तिच्याहून मोलाची तरतूद मालमत्ता जप्तीची आहे. शासन ठेवी घेणाऱ्या संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विक्रीची रक्कम ठेवींच्या प्रमाणात वाटली जाते. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कर्नाटकात याच धर्तीचा 2004 चा कायदा आहे. केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा 2019 चा आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यात देता येते. म्हणजे उदगीरच्या ठेवीसाठी औराद तालुक्यातल्या ठाण्यातही तक्रार नोंदवता यायला हवी. पोलीस दप्तर मात्र कन्नडमध्ये असते. मराठी शाळेत शिकलेल्या ठेवीदाराला आपल्याच फिर्यादीचा मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ येते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे आणि तपासाची प्रगती 90 दिवसांत कळणे, हा त्याचा हक्क आहे.

प्रकरणे : ‘पर्ल्स’ (पीएसीएल) कंपनीने जमिनीच्या नावाखाली घेतलेले सुमारे 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये दिला, परताव्यासाठी 2016 मध्ये न्या. लोढा समिती नेमली गेली. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवी अडकल्याचे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

परिणाम : बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला नसतो. पासबुक, काउंटर, शिक्का सारे बँकेसारखेच दिसत असल्याने हा फरक ठेवीदाराला कुलूप लागल्यावर कळतो. अडकलेली रक्कम बहुधा ठरलेल्या कामाची असते : मुलीचे लग्न, ऑपरेशन, निवृत्तीची पुंजी, खरिपाचे बी-खत. ते काम थांबत नाही, म्हणून सावकाराचे कर्ज होते आणि बुडालेल्या ठेवीवर व्याजाचा बोजा चढतो. ठेवी गोळा करणारा एजंट गावातलाच, बहुधा नात्यातला; त्याचीही ठेव अनेकदा तिथेच असते. लोकांचा राग आधी त्याच्यावर निघतो आणि भावकीत बोलणे तुटते. न्यायालयात तो साक्षीदार की आरोपी, हे प्रकरणागणिक ठरते. दाव्यासाठी मूळ पावती लागते. ‘नूतनीकरण करतो’ म्हणून ती आधीच परत घेतलेली असेल, तर ठेव सिद्ध करणेच अवघड होऊन बसते.

मानसिक परिणाम : झोप उडणे, घरात दोषारोप, तक्रार करण्याची लाज.

ऑनलाइन फसवणूक : हेल्पलाइन 1930.