कोंबड्याआधीचं दळण

डोळे उघडा. काळोख आहे, थंडी हाडात शिरतेय. साल १९२५, मार्गशीर्ष. गाव लोहारा, यवतमाळच्या शेजारचं. तुम्ही या घरातली धाकटी सून. पुरुष असाल तरी आजच्यापुरतं सून व्हा, नाहीतर या वेळी जात्यापाशी कोणी बसू देणार नाही.

समोर थोरली जाऊ पाय पसरून बसलीय. मध्ये जातं, बाजूला सुपात जवारी. खुंट्यावर तिचा हात, त्यावर तुमचा. पहिल्या दहा फेऱ्या तुम्ही जोर लावून ओढता आणि दंड भरून येतात.

“वढू नको वं माय. म्हन.”

म्हण म्हणजे गा. तिनं ओवी धरली की उमगतं, ओढायचं नसतंच. खुंटा ओळीबरोबर आपसूक येतो आणि जातो. ओळ संपते तिथं दम घ्यायचा, तिथंच तिच्या मुठीतली वैरण जात्याच्या तोंडात पडते. सूर चुकला तर खपेल. लय चुकली तर वरचा दगड अडखळतो आणि पीठ भरड पडतं. चालीला बाया ‘गळा’ म्हणतात, आणि गळा एकच असला तरी सबंध पायली त्यावर निघते.

पहिल्या ओव्या देवांच्या. राम झाला, विठ्ठल झाला. जनीबरोबर दळायला बसलेला म्हणून तो इथं घरचाच. मग माहेर, भाऊ, भावाची बैलगाडी. इथं ती रेंगाळते. मग भिंतीकडे एकवार बघून सासूची ओवी घालते. भिंतीपलीकडे सासू जागी आहे, हे तिघींनाही ठाऊक. हेच दिवसा बोललं तर घरात रामायण होईल. सासू मात्र कूस बदलते. याच खुंट्याला धरून तिनंही आपल्या सासूला गायलेलं असणार.

उजाडलं की वेचणी. इथला कापूस अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरकडे, तिथून मुंबईला आणि जहाजानं विलायतेला जातो. त्या रुळांवर दोन वर्षांपूर्वी आलेलं इंजिन मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. आणि त्याच विलायतेच्या उत्तरेला, स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर, बाया फळीभोवती बसून ओलं लोकरी कापड आपटताहेत. एकीनं ओळ घालायची, बाकीच्यांनी उचलायची. तिथंही पुरुषांना मज्जाव, तिथंही गाणं थांबलं की हात थांबतात. पुढं तिथलं काम यंत्रानं घेतलं, इथलं पिठाच्या गिरणीनं.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ असं आपण सहज म्हणतो. ते अगदी शब्दशः खरं होतं; म्हणून जातं उठलं तशी ओवीही उठली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या, हे आपलं नशीब.

पण जावेला अजून यातलं काही माहीत नाही. कपाळावर पीठ, तळहाताला घट्टे. तुम्हाला राहवत नाही. तुम्ही सांगून टाकता: पुढं एक गिरणी येईल, पायलीचं पीठ झटक्यात निघेल, हात दुखणार नाहीत, फक्त गाणं राहणार नाही.

ती खुंटा धरून थांबते.

“कुठी हाय थे गिरनी?”