नावे सारखी, कुळे निराळी

अमेरिकेतील विद्यापीठांची यादी प्रथमच चाळणाऱ्याचा गोंधळ उडाल्याशिवाय राहत नाही. मिशिगन विद्यापीठ आणि मिशिगन स्टेट विद्यापीठ, आयोवा विद्यापीठ आणि आयोवा स्टेट विद्यापीठ, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ अशा जोड्याच्या जोड्या तेथे आढळतात. 'स्टेट' म्हणजे सरकारी आणि दुसरे ते खाजगी, अशी समजूत करून घ्यावी, तर तीही फसवी ठरते. कारण या तिन्ही जोड्यांतील दोन्ही विद्यापीठे राज्याचीच आहेत. मग भेद कशाचा? तो मालकीचा नसून कुळाचा आहे, आणि त्या कुळाचा शोध घेऊ लागले म्हणजे विद्या कोणासाठी, या जुन्या वादाशी येऊन पोहोचावे लागते.

या जोड्यांतील पहिले विद्यापीठ बहुधा वयाने वडील असते. मिशिगन विद्यापीठाचा जन्म १८१७ मध्ये डेट्रॉइट येथे झाला आणि १८३७ मध्ये ते ॲन आर्बर गावी गेले. ग्रीक, लॅटिन, कायदा, वैद्यक हे अशा संस्थांचे मानाचे विषय होते. नांगर धरणाऱ्याला किंवा यंत्रावर राबणाऱ्याला तेथे शिकण्यासारखे फारसे नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी मिशिगनने १८५५ मध्ये निराळे शेतकी कॉलेज काढण्याचे ठरविले, आणि १८५७ मध्ये ते सुरू झाले. आजचे मिशिगन स्टेट विद्यापीठ ते हेच होय.

एका राज्यातील हा प्रयोग साऱ्या देशाचा झाला, तो जस्टिन मॉरिल या व्हरमाँटच्या लोकप्रतिनिधीमुळे. हा लोहाराचा मुलगा. पंधराव्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती. शेती आणि यंत्रविद्या शिकविणाऱ्या कॉलेजांसाठी राज्यांना जमिनी द्याव्यात, असे विधेयक त्याने मांडले. १८५९ मध्ये अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नामंजूर केले. पण २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी त्यावर सही केली. राज्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर जमीन द्यावयाची. ती विकून आलेला पैसा गुंतवावयाचा आणि त्याच्या व्याजावर कॉलेज चालवावयाचे, अशी ही योजना होती.

येथून राज्याराज्यांच्या वाटा फुटल्या. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा यांनी हे दान आपल्या विद्यमान विद्यापीठालाच दिले. कॅलिफोर्नियाने १८६८ मध्ये त्यातून एकच विद्यापीठ उभारले. साहजिकच तेथे अशी जोडी झाली नाही. मिशिगन, आयोवा यांनी मात्र ते निराळ्या शेतकी कॉलेजाला दिले. न्यू यॉर्कचे दान एझ्रा कॉर्नेल या धनिकाच्या देणगीशी जोडले जाऊन १८६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ निघाले. ज्ञानकोशकार केतकर यांनी १९११ मध्ये डॉक्टरेट मिळविली ती येथेच. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे हे वॉशिंग्टन राज्यातील पुलमनच्या शेतकी कॉलेजात शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नावाजले.

शेतकी कॉलेजांचा पसारा वाढत गेला. १८८७ च्या कायद्याने त्यांच्याबरोबर प्रयोगशेते आली, आणि १९१४ च्या कायद्याने प्रयोगशेतावरील ज्ञान शेतकऱ्याच्या दारी नेण्याची व्यवस्था झाली. शास्त्र आणि कला हे विषयही तेथे आले. तेव्हा 'आम्हीही विद्यापीठच' असा आग्रह सुरू झाला. १९५५ मध्ये मिशिगनच्या शेतकी कॉलेजाने विद्यापीठ हे नाव मागितले, तेव्हा ॲन आर्बरकरांनी नामसादृश्याने घोटाळा होईल म्हणून विरोध केला. पण विधिमंडळाने ते नाव दिले. आयोवात तर त्याहून गंमत झाली. तेथील जुन्या विद्यापीठाचे नाव 'स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा' असे होते. १९५९ मध्ये शेतकी कॉलेज 'आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी' झाले. तेच शब्द, केवळ क्रम उलटा! अखेर १९६४ मध्ये जुन्या विद्यापीठाने व्यवहारात 'स्टेट' हा शब्द सोडून दिला.

तथापि हा इतिहास केवळ उदारपणाचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. सरकारने उदार हस्ते वाटलेल्या जमिनी मूळच्या आदिवासी इंडियन जमातींच्या होत्या. त्यांच्याकडून तुटपुंज्या मोबदल्यात वा बळाने घेतलेल्या एक कोटीहून अधिक एकरांवर या ज्ञानमंदिरांचा पाया घातला गेला.

दुसरा डाग वर्णभेदाचा. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांना बजावले, की निग्रो विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, नाही तर त्यांच्यासाठी निराळी संस्था काढा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनात एकाच राज्यनावाच्या तीन संस्था झाल्या: १७९५ पासून शिकविणारे चॅपेल हिलचे जुने विद्यापीठ, १८८७ मधील रॅलेचे गोऱ्यांचे शेतकी कॉलेज, आणि १८९१ मधील काळ्यांचे कॉलेज, जे ग्रीन्सबरो येथे स्थिरावले. वेगळे ठेवण्यासाठी काढलेल्या या तिसऱ्या कॉलेजातीलच चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोमधील एका दुकानाच्या, केवळ गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठण्यास त्यांनी नकार दिला. त्या बैठकीचे लोण थोड्याच दिवसांत साऱ्या दक्षिणेत पसरले.

ही कुळकथा हिंदुस्थानलाही परकी नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते याच धर्तीवर. पुढे हैदराबादेत उस्मानियाच्या जोडीला, धारवाडात कर्नाटक विद्यापीठाच्या जोडीला आणि ग्वाल्हेरात जिवाजी विद्यापीठाच्या जोडीला निराळी कृषी विद्यापीठे उभी राहिली. आपल्याकडे त्यांच्या नावांचा घोटाळा होत नाही. प्रश्न मात्र तोच उरतो. ग्रंथालयात बसणारी विद्या आणि बांधावर उभी राहणारी विद्या यांची शिवारे निराळी ठेवली, तरी पंक्ती निराळ्या मांडावयाच्या काय? मिशिगनच्या शेतकी कॉलेजाला विद्यापीठ हे नाव मिळविण्यास शंभर वर्षे लागली. ते शतक एका शब्दासाठी खर्ची पडले नव्हते. हाताने काम करणाऱ्याची विद्या ही विद्याच आहे, हे मान्य करून घेण्यासाठी पडले होते.