बूट टिकवणारे हात

कातडी बुटाचा इतिहास लिहायला घेतला की नजर आधी कारखान्याकडे जाते. बूट कोणी शिवला, कातडे कुठले, छाप कोणती, असे प्रश्न पुढे येतात. रत्नागिरीच्या बाबतीत या प्रश्नांतून फारसे हाती लागत नाही. कानपूर, आग्रा किंवा कोल्हापूर यांच्यासारखे नाव चर्मोद्योगात या जिल्ह्याचे कधीच झाले नाही. येथे विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: बाहेरून आलेला बूट या मातीत आणि या पावसात कोणी टिकवला? तो विचारला की एक विसंगती समोर येते. बुटाला कारागिराची जितकी गरज कोकणच्या हवेने लावली तितकी देशावरच्या कोरड्या हवेने लावली नाही; आणि त्याच कारागिराचा हात कोकणच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवला. गटईच्या, म्हणजे पादत्राणे दुरुस्त करण्याच्या, धंद्याची आजची अवस्था समजून घ्यायची तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी हवेचा विचार करू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कातडे म्हणजे प्राण्याच्या त्वचेतल्या कोलॅजनचे तंतू. हिरडा, बाभळीची साल, ऐनाची साल यांतले टॅनिन या तंतूंना चिकटते, तेव्हा कातडे कुजायचे थांबते. यालाच आपण कातडे कमावणे म्हणतो. मात्र कमावलेले कातडेही पाणी पितेच. ते भिजून फुगते, त्यातले तेल निघून जाते आणि घाईने वाळवले तर तडकते. दमट हवेत नुसते कपाटात ठेवले तरी त्यावर बुरशी धरते. खाऱ्या हवेमुळे लोखंडी चुका लवकर गंजतात, आणि गंजातले लोह टॅनिनशी मिळाले की चुकेभोवतीचे कातडे काळे पडून ठिसूळ होते. म्हणजे लोखंडी चुकांनी ठोकलेला तळ पहिल्यांदा सुटतो तो त्या चुकांपाशीच. पायाखालची जमीनही दयाळू नाही. जांभ्याचा सडा आणि जांभ्याच्याच पायऱ्यांची पाखाडी खरबरीत असते. ती तळ आणि टाच दोन्ही खाते. अशा ठिकाणी उत्तम बूट विकत घेणे ही फक्त सुरुवात असते. पुढची वर्षे त्याला कोणाचा हात लागतो, यावर त्याचे आयुष्य ठरते.

हा हात काय करतो, हे नीट पाहायला हवे, कारण गटईचे काम म्हणजे ठोकाठोकी, हा समज फार जुना आहे. चांगला कातडी बूट उघडता यावा अशाच रीतीने बांधलेला असतो. १८७० च्या सुमारास आलेल्या गुडइयर वेल्ट पद्धतीत वरचे कातडे आणि आतला तळ यांना एक अरुंद पट्टी शिवतात, आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिवणीने जोडतात. त्यामुळे झिजलेला तळ काढून नवा बसवताना वरच्या कातड्याला धक्का लागत नाही. मात्र हे करण्यासाठी जुने टाके पट्टी न फाडता उकलावे लागतात, तळाचे कातडे कुंडीत भिजवून मऊ करावे लागते, रापीने कडा समान पातळ कराव्या लागतात आणि आरीची भोके शक्यतो जुन्याच भोकांवर आणावी लागतात. भोक नव्या जागी पडले की पट्टी कमजोर होते, आणि पुढच्या वेळी तळ धरायला जागाच उरत नाही. दोऱ्याला मेण आणि राळ चोळायची तीही पाणी शिवणीतून आत शिरू नये म्हणून. भिजलेला बूट सावलीत, आत कागद भरून सावकाश वाळवायचा, चुलीजवळ न्यायचा नाही, आणि पुरता वाळण्याआधीच त्याला हलके तेल द्यायचे, या साध्या नियमांमागेही तेच रसायन आहे. कोकणात सहज मिळणारे करंजाचे तेल कातडे मऊ राखण्यासाठी पूर्वापार वापरात आहे. हे सारे ज्ञान पुस्तकांत कमी आणि बोटांत जास्त होते, म्हणून ते कुठल्या दप्तरात सापडत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा दहावा खंड १८८० साली निघाला. असे ग्रंथ बंदरांतली आयात-निर्यात सांगतात, जातवार माहिती देतात. एका बुटाला किती वेळा तळ बसला, हे सांगणे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोकणात बूट घालणारे होते तरी किती? शेतकरी चिखलात अनवाणीच उतरत होता, आणि बहुसंख्यांच्या पायात वहाणाही रोज नसत. हे खरे आहे. पण म्हणून बुटाचा इतिहास साहेबाच्या आणि वकिलाच्या पायापुरता उरत नाही. हा जिल्हा मुंबई फौजेच्या भरतीचा मोठा प्रदेश होता. १८१८ नंतर दापोलीला छावणी पडली, आणि आजही लोक त्या गावाला कॅम्प दापोली म्हणतात. १८८६ साली फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीतच राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीही पेन्शनीनंतर काही काळ तेथे घर केले. फौजेत बूट हा शिस्तीचा भाग. त्याची पाहणी होते, त्याला चकाकी लागते, तो वेळेवर दुरुस्त व्हावा लागतो. शिपायाच्या गणवेशात बूट हळूहळू रुळला, तसे कानपूरची कूपर ॲलन कंपनी आणि मुंबईत धारावीला आदमजी पीरभॉय यांचा कारखाना फौजेसाठी बूट बनवू लागले. बूट बनण्याची जागा दूर होती. पण रजेवर किंवा पेन्शनीवर आलेल्या माणसाबरोबर बूट गावात येत होता, आणि गावात आल्यावर तो गावच्याच चांभाराकडे जाणार, हे उघड आहे. संख्या थोडी असली तरी ज्या घरांत बूट आला त्या घरांनी तो मानाने सांभाळला असणार, कारण पुन्हा घेणे परवडणारे नव्हते. महाग वस्तू थोड्यांकडे असते तेव्हा दुरुस्तीचे मोल वाढते.

आता विसंगतीची दुसरी बाजू. बूट पायाला नीट बसणे ही बुटाची पहिली परीक्षा. अनवाणी वाढलेला पाय पंजापाशी रुंद असतो आणि त्याची बोटे पसरलेली असतात. दक्षिण भारतात सदैव अनवाणी चालणाऱ्यांची बेल्जियमच्या संशोधकांनी केलेली मोजमापे २००९ साली प्रसिद्ध झाली, त्यांतही हेच दिसले. अरुंद फर्म्यावर घडलेला विलायती धर्तीचा बूट अशा पायाला करंगळीपाशी आणि अंगठ्याच्या सांध्यावर चावतो. उपाय कारागिराकडे असतो: पाय कुठे दबतो ते चाचपायचे, कातडे तेवढ्याच जागी ओलसर करायचे, फर्मा घालून त्यात पाचर मारायची आणि ताण हळूहळू वाढवायचा. मात्र त्यासाठी पायाला हात लावावा लागतो. चवडा, घोटा, पायाचा उंचवटा बोटांनी समजून घ्यावा लागतो, आणि बूट घालणाऱ्यानेही दुखते कुठे ते मोकळेपणाने सांगावे लागते. ज्या समाजात चांभाराचा स्पर्श विटाळ मानला जाई, तेथे हे नाते पुरते जमणे अशक्य होते. माप लांबून, काम लांबून आणि मोबदलाही लांबून, अशा व्यवहारात सरस कारागीरसुद्धा निम्मेच कौशल्य वापरू शकतो. बहिष्काराने कारागिराचा अपमान झाला, हे आपण जाणतो. गिऱ्हाइकाच्या पायाचेही त्याने नुकसान केले आणि कलेची वाढ खुंटवली, हे फारसे बोलले जात नाही.

येथे कोणी म्हणेल की बलुतेदारीत चांभाराला हक्काचे धान्य मिळे, गाव त्याला सांभाळी, आणि धंदा मोडला तो यंत्रांमुळे. बलुत्याने उपासमार काही अंशी टळत असेल, हे मान्य. पण ठरलेल्या धान्यात चांगल्या कामाचा वेगळा दाम नसतो. पावसाळाभर टिकणारी शिवण घातली काय आणि आठवड्यात उसवणारी घातली काय, सुगीला पदरात तेवढेच पडणार. कोकणात त्यावर खोतीचे ओझे होते; तिच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत आवाज उठवला. दाम नाही आणि मानही नाही, अशा ठिकाणाहून माणूस निघून जातो. कोकणी चर्मकारांची कुटुंबे मुंबईला, पुण्याला, लष्करी गावांना गेली ती अशीच. कोकणातल्या पालवणचे नाव आडनावात घेऊन फिरणाऱ्या पालवणकर कुटुंबातल्या बाळूने पुण्या-मुंबईच्या मैदानांवर चेंडू हाती घेतला आणि १९११ साली भारतीय क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडचा दौरा गाजवला. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर याच समाजातले. संधी मिळताच या समाजातून काय उभे राहू शकते, हे या नावांनी दाखवले. यंत्रे आली नसती तरी माणसे गेलीच असती, कारण त्यांना घालवणारे कारण यंत्रांहून जुने होते.

तिसरा आक्षेप आजचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. रबर आणि प्लास्टिकची पादत्राणे कोकणच्या पावसाला कातड्यापेक्षा चांगली आहेत. मग कातडी बुटाच्या दुरुस्तीची काळजी कशाला? पावसाळ्यापुरते हे निखालस खरे आहे, आणि स्वस्त रबरी चपलेने गरिबाचा पाय काट्यापासून आणि चिखलातल्या जखमांपासून वाचवला, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण उरलेल्या आठ महिन्यांच्या बुटाचे काय? आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक बुटांचा तळ नुसता चिकटवलेला असतो, पट्टीला शिवलेला नसतो. तो सुटला की पुन्हा धरायला जागा नसते. पॉलियुरेथेनचा तळ तर दमट हवेत पाण्याच्या अंशाने आतून विघटित होतो आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. बूट न वापरता ठेवला तरी हे टळत नाही. म्हणजे ज्या हवेत कातडी बूट टिकत नाही असे आपण म्हणतो, त्याच हवेत हा आधुनिक तळही टिकत नाही. फरक असा की कातडी बूट उघडून पुन्हा उभा करता येतो, दुसरा टाकूनच द्यावा लागतो. चार वेळा नवे घेण्याचा खर्च आणि एकदा चांगले घेऊन तीनदा तळ बदलण्याचा खर्च यांचा हिशेब मांडला, तर दुरुस्ती ही काटकसर ठरते. मात्र दुरुस्ती करणारा माणूस जवळ असला पाहिजे.

तो जवळ राहावा म्हणून काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे आले. ते योग्यच झाले. पण मानांकन घडवण्याला मिळते. सांभाळण्याच्या कौशल्याला अशी मोहोर नाही, आणि रत्नागिरीचे कौशल्य सांभाळण्याचेच होते. राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाची स्थापना १९७४ साली झाली, आणि समाजकल्याण खात्यातर्फे गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही आहे. पावसात उघड्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर छत येणे ही मोठी गोष्ट आहे. तरीही स्टॉलने फक्त ऊन-पाऊस अडतो. चिकटवलेला आणि शिवलेला बूट ओळखणे, वेल्टला तळ बसवणे, रुंद पायासाठी बूट सैलावणे, यांचे प्रशिक्षण मिळाले आणि त्या कामाचा दर इतर कुशल कामांच्या बरोबरीने लागला, तरच तरुण या धंद्याकडे पाहील. त्याची दारे कोणत्याही जातीच्या मुलामुलींना खुली असली पाहिजेत, आणि चर्मकार घरातल्या मुलाला तो नाकारण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे. जन्माने लादलेली कला टिकवण्यात कसलाही अभिमान नाही. गिऱ्हाइकाचेही एक कर्तव्य आहे: बूट पुढे करताना समोरच्याला सुताराला किंवा घड्याळजीला देतो तोच मान आणि तोच दाम द्यायचा. या भूमीवर चांगला बूट दीर्घकाळ टिकवण्याची विद्या होती. तिला समाजाने हाताच्या अंतरावर ठेवले म्हणून ती विरळ झाली. ते अंतर मिटवणे आजही आपल्या हातात आहे.