विस्तव, वारा आणि पीआयडी

गेल्या जानेवारीत बदलापूरच्या पुढे एका मित्राच्या शेतावर पोपटीला गेलो होतो. ज्यांनी कधी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि मीठ. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या-पेंढा रचून पेटवून द्यायचं. तेल नाही, पाणी नाही. पदार्थ मूळचा रायगडचा, पण थंडी पडली की आमच्याकडेही शेताशेतांत धूर दिसतो.

विस्तवाजवळ मित्राचे काका बसले होते. मी सवयीने विचारलं, "काका, टेम्परेचर किती असेल हो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्रर्र.. पाणी क्षणात उडालं. "झाली," म्हणाले. विषय संपला!

माझा मात्र तिथेच सुरू झाला. ठरवलं, आपण तापमान स्वतः सांभाळणारा स्मोकर करायचा. थर्मोकपल, 12 व्होल्टचा छोटा ब्लोअर आणि बारीकसारीक सामान उल्हासनगरात घेतलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीला 1949 साली उल्हासनगर नाव मिळालं, आणि त्यांनी हाताला येईल ते बनवायला नि विकायला सुरुवात केली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्हीही ऐकला असेलच. आर्डुइनोचा बोर्ड घरी पडून होताच. पिंप अंबरनाथ एमआयडीसीच्या भंगारात स्वस्तात मिळत होतं, पण त्यात आधी कोणतं रसायन होतं कोण सांगणार? खायच्या वस्तूशी खेळ नको म्हणून नवं, बिनरंगाचं लोखंडी पिंप घेतलं.

प्रोग्रॅम दहा ओळींचा. 110 अंशांच्या खाली गेलं की ब्लोअर चालू, वर गेलं की बंद. पहिल्याच रविवारी ब्लोअर 110 ला इमानदारीत बंद झाला आणि काटा 150 च्या पुढे गेला. मग इतका खाली आला की निखारे विझायची वेळ. चिकन बाहेरून कोळसा, आत हाडापाशी लाल. चिकन आतपर्यंत 74 अंशांना पोचलं पाहिजे, नाहीतर पोट बिघडायची भीती. सगळं फेकून दिलं. बायको काही बोलली नाही, पण पिझ्झा मागवला.. म्हणजे काय ते समजा :-)

मग बसलो वाचायला. कळलं की हा धंदा चारशे वर्षं जुना आहे.

कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच गृहस्थ (1572-1633) इंग्लंडच्या राजाच्या पदरी होता. थेम्स नदीत पाणबुडी चालवली तोच हा. त्याने अंडी उबवायची पेटी केली, खाली विस्तव. पेटीत मद्यार्क आणि पारा भरलेली नळी. उष्णता वाढली की मद्यार्क फुगायचा, पाऱ्याला ढकलायचा, पारा एक दांडी उचलायचा आणि त्या दांडीने झडप बंद व्हायची. हवा कमी, विस्तव मंद. गार झालं की उलटं. म्हणजे माझ्या ब्लोअरचं काम या माणसाने विजेशिवाय केलं होतं!

पुढे 1885 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला आल्बर्ट बुट्झ याने घर तापवणाऱ्या कोळशाच्या भट्टीसाठी हेच केलं. खोली गार झाली की यंत्र भट्टीची झडप उघडणार. त्याच्या कंपनीचीच पुढे हनीवेल झाली. ती 1980 च्या दशकात टाटांबरोबर पुण्यात आली, आणि 2004 मध्ये टाटा बाहेर पडल्यावर 'टाटा हनीवेल'ची हनीवेल ऑटोमेशन इंडिया झाली. आपले कितीतरी इन्स्ट्रुमेंटेशनवाले मित्र तिथे नोकरीला लागले, त्याचं मूळ एका भट्टीच्या झडपेत.

पण माझा प्रश्न वेगळा होता. झडप वेळेवर बंद होऊनही काटा पुढे का जातो? कारण पेटलेला निखारा हवा थांबली म्हणून लगेच गार होत नाही. याचं उत्तर मिळालं ते जहाजावर. निकोलस मिनोर्स्की हा रशियात जन्मलेला इंजिनियर. त्याने जहाज आपोआप वळवण्यावर 1922 मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्यासाठी सुकाणू धरणाऱ्या माणसांचं निरीक्षण केलं. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. मघापासून एकाच बाजूला किती ओढलं जातंय आणि आत्ता किती वेगाने वळतंय, हेही बघतो. जहाज सरळ व्हायच्या आधीच तो सुकाणू उलटं फिरवायला लागतो. या तीन गोष्टी म्हणजेच कॉलेजात व्हायवापुरता पाठ केलेला पीआयडी. त्यातले आकडे कसे लावायचे याची सोपी रीत झीगलर आणि निकोल्स यांनी 1942 मध्ये दिली.

हे वाचताना एकदम काका आठवले. त्या रात्री वारा फिरला, तसं त्यांनी मडकं तापायची वाट न बघता एका बाजूच्या पेटत्या काटक्या ओढून घेतल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "मडक्याकडं काय बघतोस? वाऱ्याकडं बघ." मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा काहीतरी बोलतोय. माझ्या दहा ओळींत नेमकं तेच नव्हतं.

ते शेत आता विकायचं चाललंय. शेजारी टॉवर उभे राहिलेत. पोपटी यंदा होईल, पुढच्या वर्षीचं माहीत नाही. तेव्हा मी यंदा थर्मोकपल घेऊन जाणार आहे, मडक्यात ठेवायला. काका कधी काटकी ओढतात, कधी गोवरी सरकवतात, ते वेळेसकट लिहून घेणार. मिनोर्स्कीनेही हेच केलं होतं, आधी माणसाकडे बघितलं.

नवा प्रोग्रॅम त्यानंतर. तोवर पिझ्झा आहेच.