अर्ज, तार आणि फोन

आमच्या गावातले एक वृद्ध गृहस्थ आमदारांना फोन लावायचा झाला, की बाजेवरून उठतात, टोपी नीट करतात आणि उभ्यानेच बोलतात. मुलं हसतात. मला मात्र हसू येत नाही. त्या उभं राहण्यात मराठवाड्याचा इतिहास आहे.

निजामी अमलात गाऱ्हाणं सांगायचं म्हणजे अर्ज गुदरायचा. कचेरीची भाषा उर्दू, शेतकऱ्याची मराठी. तेव्हा लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे आणि त्याने काय लिहिलं हे कळो न कळो, खाली अंगठा उठवायचा. काम झालं तर ती सरकारची मेहेरबानी! सप्टेंबर १९४८ मध्ये तो अंमल संपला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क दिला. १९५२ पासून आपल्या मतांवर निवडून आलेले आमदार हैदराबादेस बसू लागले. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबईस. निजामाच्या तुरुंगात राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ १९५७ साली तेव्हाच्या औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

प्रतिनिधी आपला झाला, पण राहिला दूर. निकड असली, की तार करायची. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून माणूस नेमकं तेवढंच लिही. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आता खिशात फोन आहे, शब्द स्वस्त झाले आहेत, आणि मुद्दा मात्र हरवतो.

तेव्हा फोनवरही तारेसारखं बोलावं. आपलं नाव, गाव, अडचण काय, अर्ज कोणत्या कचेरीत कोणत्या तारखेला दिला, आणि आपली मागणी कोणती, एवढं पुरे. आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारता येतो. पण त्यासाठी हाती तपशील लागतो. बोलणं झाल्यावर तेच दोन ओळींत लिहून पाठवावं, कारण बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं उरतं. गुरुजींनी वर्गात मुलांकडून याचा सराव जरूर करून घ्यावा.

परवा त्या आजोबांनी पाण्याच्या टँकरसाठी फोन केला. वस्ती, घरं, अर्जाची तारीख, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “मग उत्तर कधी देता?” उभे मात्र होतेच. असू द्या! पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका फोनात कशी सुटावी? पण ‘मेहेरबानी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.